तफावतीची रुजवात

ज्या घरात दोन पिढ्यांची छायाचित्रे, जमिनीचे उतारे, मुलांच्या गुणपत्रिका आणि कॅसेटवरून उतरवून घेतलेली ध्वनिमुद्रणे एकाच लहानशा यंत्राच्या स्वाधीन केलेली असतात, त्या घरात ते यंत्र एखाद्या सकाळी ‘जागा शिल्लक नाही’ असे सांगू लागले म्हणजे घरच्यांचा हात पहिल्याने जातो तो फाइली पुसण्याकडे. आणि घरगुती सर्व्हरची देखभाल व दुरुस्ती आवडीने करीत आलेल्या माझ्यासारख्याचा पहिला आग्रह असतो तो हा की, एकही फाइल पुसण्यापूर्वी ही तक्रार कोणत्या दप्तरातून आली आहे याची चौकशी व्हावी. यंत्र सहसा खोटे सांगत नाही. परंतु त्याच्या पोटात एकाच मालमत्तेचा हिशेब निरनिराळ्या वह्यांतून मांडलेला असतो, आणि त्या वह्यांचे आकडे जेव्हा परस्परांशी जुळेनासे होतात तेव्हा एक वही खरी आणि दुसरी खोटी असे ठरवून मोकळे होण्यात अर्थ नसतो. त्या तफावतीतच दोषाचा ठावठिकाणा दडलेला असतो.

लिनक्सवर ‘डीएफ’ ही आज्ञा दिली असता फाइल सिस्टिम स्वतःच्या जमाखर्चावरून किती ब्लॉक वापरात आहेत आणि किती मोकळे आहेत ते कळवते. ‘डीयू’ मात्र फोल्डरामागून फोल्डर हिंडून, जी जी फाइल नावानिशी दिसेल तिचे आकारमान बेरजेत धरीत जाते. एखादी फुगलेली लॉग फाइल पुसून टाकली तरी जी प्रोसेस ती उघडून बसलेली असते तिने ती सोडीपर्यंत तिचे ब्लॉक मोकळे होत नाहीत. नाव गेले म्हणून डीयूला ती दिसत नाही, आणि जागा अडलेलीच आहे म्हणून डीएफ ती मोजल्यावाचून राहत नाही. अशा वेळी ‘एलएसओएफ’कडे, उघड्या असूनही नाव न उरलेल्या फाइलींची यादी मागितली की धरून बसणारी प्रोसेस समोर येते, आणि ती सेवा बंद करून पुन्हा सुरू करताच अडलेली जागा परत मिळते. कधी असेही घडते की गिगाबाइट मुबलक शिल्लक असतात, पण फाइलींची नोंद करणारे आयनोड संपलेले असतात. एक्स्ट४ फाइल सिस्टिम तयार होताना साधारणतः दर १६ किलोबाइटांमागे एक आयनोड नेमला जातो, आणि छायाचित्रांच्या इवल्याशा प्रतिमा लाखांनी साठविणारा एखादा प्रोग्रॅम ही शिबंदी जागेच्या आधीच खर्च करून टाकतो. याच फाइल सिस्टिमवर शेकडा ५ ब्लॉक रूटसाठी राखून ठेवण्याचा रिवाज आहे. सिस्टिमच्या डिस्कवर तो योग्यच होय. परंतु केवळ साठ्यासाठी घेतलेल्या ४ टीबीच्या डिस्कवर त्यापायी सुमारे २०० जीबी अडकून पडतात, आणि ते ‘ट्यून२एफएस’ने सोडवून घेण्यास काही हरकत नाही.

कोल्हापूरच्या माझ्या मावसभावाचा फोन आला तो याच जातीच्या तफावतीविषयी. “दादा, डिस्क भरली म्हणतंय, पण आत बघितलं तर काहीच नाही!” त्याच्याकडे सिस्टिमसाठी १२० जीबीची लहान एसएसडी आणि साठ्यासाठी बाहेरून जोडलेली मोठी डिस्क अशी व्यवस्था होती, काकांच्या कीर्तनांच्या कॅसेट तो सवडीने लॅपटॉपवर उतरवून घेई, आणि त्या फाइली रात्री आपोआप सर्व्हरवरील ‘संग्रह’ नावाच्या फोल्डरात हलवल्या जात. एसएसडी तुडुंब भरली असल्याचे डीएफ सांगत होते. डीयूची बेरीज मात्र तिच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतही जात नव्हती. नाव नसलेली उघडी फाइल कोठेही नव्हती, आयनोड भरपूर होते. मग मी त्याला मूळ फाइल सिस्टिम एका रिकाम्या फोल्डरावर ‘बाइंड’ पद्धतीने पुन्हा माउंट करावयास सांगितले, कारण अशा माउंटमध्ये वर जोडलेल्या इतर डिस्क येत नाहीत आणि त्यांच्याखाली झाकले गेलेले मूळचे फोल्डर उघडे पडतात. ‘संग्रह’च्या खाली, डिस्कच्या आड, कीर्तनांचा ढीगच्या ढीग निघाला. वीज जाऊन आल्यावर बाहेरची डिस्क जागी होण्यास उशीर झाला होता, तिच्यासाठी न थांबता यंत्राने सुरू व्हावे अशी सवलत ‘एफएसटॅब’मध्ये लिहिलेली असल्यामुळे यंत्र तिच्याविना सुरू झाले, आणि रात्रीचे काम त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे प्रत्यक्षात एसएसडीवर, फाइली लिहीत राहिले, पुढे डिस्क पुन्हा जोडली गेली तेव्हा तिने ते सर्व झाकून टाकले. लॅपटॉपवरून फाइली हलवलेल्या असल्यामुळे त्या मुद्रणांची जगातली एकुलती एक प्रत त्या आडबाजूस पडून होती. वैतागून त्याने एसएसडीच पुसून सिस्टिम नव्याने बसविली असती तर काकांचा आवाज परत मिळविण्याचा मार्ग राहिला नसता. आधी त्या फाइली डिस्कवर नेऊन ताडून पाहिल्या, नंतर डिस्क उतरवून रिकाम्या फोल्डरावर ‘चॅटर’ने असा हुकूम बसविला की, डिस्क चढलेली नसताना त्यात रूटलासुद्धा काही लिहिता येऊ नये, आणि लॅपटॉपवरील मूळ फाइल लगोलग न पुसण्याची तजवीज केली.

स्मरणशक्तीच्या, म्हणजे रॅमच्या, तक्रारीत घबराट अधिक आणि दोष थोडा असतो. बराच काळ चालू असलेल्या यंत्रावर ‘फ्री’ या रकान्यात अगदी थोडा आकडा उरलेला दिसतो, कारण रिकामी रॅम निरुपयोगी पडू न देता वाचलेल्या फाइली तिच्यात कॅश म्हणून हाताशी ठेवणे हे लिनक्सचे धोरण आहे. पाहावयाचा रकाना ‘अव्हेलेबल’चा, आणि तो देता यावा म्हणून २०१४ सालच्या ३.१४ कर्नेलमध्ये त्यासाठी स्वतंत्र नोंद आली. झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरणाऱ्याने येथे अधिक सावध असावे, कारण तिचा ‘आर्क’ हा साठा गरज पडल्यास मागे सरत असूनही वापरलेल्या रॅमच्याच खाती पडतो, आणि लिनक्सवर त्याला वर्षानुवर्षे निम्म्या रॅमपर्यंत वाढण्याची मुभा होती. दर तासाला कॅश रिकामी करण्याचा जो तोडगा पुष्कळजण सुचवितात तो मला सर्वथा अमान्य आहे. मेहनतीने हाताशी आणलेला मजकूर फेकून देऊन तोच पुन्हा डिस्कवरून वाचावयास लावणे याला दुरुस्ती म्हणता येत नाही. खरी टंचाई ओळखावयाची तर कर्नेलच्या लॉगमध्ये कोणत्या प्रोसेसचा बळी गेला ते पाहावे. तो बळी पुष्कळदा भलत्याचाच असतो: चेहरे ओळखणारा प्रोग्रॅम रॅम गिळतो, मारला जातो डेटाबेस, आणि घरच्यांना मात्र टीव्हीवरचे फोल्डर नाहीसे झालेले दिसते.

डिस्कच्या प्रकृतीविषयी थोडेच सांगतो. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते त्या ‘स्मार्ट’च्या तक्त्यात १९७ क्रमांकाचा आकडा वाढू लागला तर डिस्कचा भरवसा सोडावा. १९९ क्रमांकाचा वाढू लागला तर आधी केबल बदलून पाहावी.

फोल्डर सामायिक करण्याच्या कामी लागणारे सांबा हे सॉफ्टवेअर अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१च्या अखेरीस कॅनबेरा येथे विद्यार्थिदशेत लिहावयास घेतले, आणि आज असंख्य घरांतील फाइली त्याच्याच परवानगीने ये-जा करतात. ही परवानगी दुहेरी असते: सांबाच्या कॉन्फिगरेशनने दार उघडले तरी खाली फाइल सिस्टिमची संमती लागतेच, आणि तीही केवळ त्या फोल्डराची पुरत नाही, वाटेतल्या प्रत्येक फोल्डरातून जाण्याचा अधिकार असावा लागतो. फोल्डर सामायिक करण्याच्या एनएफएस या दुसऱ्या पद्धतीत तर, नेहमीच्या मांडणीत, माणूस नावाने नव्हे, आकड्याने ओळखला जातो. दोन यंत्रांवर १००० हा आकडा दोन वेगळ्या व्यक्तींना मिळालेला असला की एकाच्या फाइली दुसऱ्याच्या मालकीच्या होऊन बसतात. याला कंटाळून सर्वत्र ७७७ लावून मोकळे होणारे लोक पाहिले की मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या तीन आकड्यांनी घरातल्या प्रत्येक प्रोग्रॅमला प्रत्येक फाइल पुसण्याचा अधिकार बहाल होतो. जुन्या स्कॅनरसाठी सांबात एसएमबी १ हा जुना प्रोटोकॉल पुन्हा चालू करणेही मी टाळतो. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम याच प्रोटोकॉलमधील छिद्रातून जगभर पसरला, आणि सांबानेही २०१९च्या ४.११ आवृत्तीपासून हा प्रोटोकॉल आपणहून बंद ठेवला आहे. स्कॅनरला पेनड्राइव्हवर लिहू द्यावे.

कोल्हापूरच्या ‘संग्रह’साठी आम्ही एक गट निर्माण केला आणि फोल्डरावर सेटजीआयडी बसविला, जेणेकरून आत येणारी प्रत्येक नवी फाइल त्या गटाच्याच मालकीची व्हावी, मावसभाऊ आणि त्याची मुलगी यांना लिहिण्याचा अधिकार दिला, आणि मावशी ज्या टीव्हीवर दुपारी कीर्तने ऐकते त्याला फक्त वाचण्याचा.