ब्राँक्सच्या बागेतला बाक

लोक काय म्हणतील ही चिंता लोकांनी तोंड उघडायच्या आधीच सुरू झालेली असते. पांढऱ्या सदऱ्यावर चहाचा डाग घेऊन लग्नाच्या हॉलमध्ये शिरलेल्या माणसाला कोणी चकार शब्द बोललेलं नसतं. तरी त्याचा हात सारखा डागापाशी जातो. पंगतीत तो कडेची जागा धरतो. मामा खुशाली विचारायला येतात, तेव्हा मामा काय विचारताहेत यापेक्षा ते कुठे बघताहेत याकडेच त्याचं ध्यान. घरी परतल्यावर त्याला लग्न आठवत नाही, डाग आठवतो.

हा डाग इतरांना दिसतो तरी किती? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा माग काढला आणि २००० साली तो प्रसिद्ध केला. एकेका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. असा टी-शर्ट घालणं त्या वयाच्या मुलांना लाजिरवाणं वाटत होतं. खोलीतल्या निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असणार, असा घालणाऱ्यांचा अंदाज. प्रत्यक्षात ज्यांच्या लक्षात आला, ते जेमतेम पाव होते. प्रयोगाचा पुढचा भाग जास्त मोलाचा आहे. टी-शर्ट चढवल्यावर काही वेळ थांबून, त्याची सवय झाल्यावर जे आत गेले, त्यांचा अंदाज खाली आला. टी-शर्ट तोच होता, उतरलं होतं ते त्यांचं स्वतःवर खिळलेलं लक्ष.

ही गोष्ट एका मुलाने प्रयोगशाळेशिवाय, स्वतःवरच करून पाहिली होती. अल्बर्ट एलिस १९१३ साली जन्मला आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढला. मुलींशी बोलायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटे. घराजवळच्या वनस्पतिउद्यानात तो जाई, बाकावर बसलेल्या मुली लांबून पाही आणि काहीतरी सबब सांगून परत फिरे. सबब अर्थात स्वतःलाच सांगायची. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःसाठी नियम केला: महिनाभर बागेत यायचं, एखादी स्त्री एकटी बसलेली दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची. घाबरायला मुभा होती, उठून जायला नव्हती.

त्या महिन्यात तो एकशे तीस जणींच्या शेजारी बसला. तीस जणी लगेच उठून गेल्या. उरलेल्या शंभर जणींशी तो बोलला, फुलांवर, पाखरांवर, पुस्तकांवर, जे सुचेल त्यावर. त्यांतल्या एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं, आणि ती आलीच नाही. पदरात काय पडलं असं कोणी विचारलं असतं, तर शून्य. पण कोणी किंचाळलं नव्हतं, कोणी पोलिसांना बोलावलं नव्हतं. वर्षानुवर्षं ज्या अनर्थाला तो भीत होता, तो एकदाही घडला नाही. नकार मात्र भरपूर मिळाले, आणि ते सोसता येतात हे त्याला अंगानेच कळलं. तरुणपणी मिळालेल्या अपयशाचा इतका चांगला उपयोग फार थोड्यांनी केला असेल.

पुढे १९५५ च्या सुमारास एलिस यांनी जी उपचारपद्धती मांडली, तिचं मूळ या बाकापाशी आहे. दुसरं मूळ एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञात. घटना आणि भावना यांच्यामध्ये माणूस मनात एक वाक्य उच्चारतो, आणि त्रास त्या वाक्याने होतो, हे तिचं सार. ‘ते हसतील’ एवढ्याने कोणी कोसळत नाही. ‘ते हसले तर माझी किंमतच संपली’ हे वाक्य कोसळवतं. ते इतक्या झपाट्याने येऊन जातं की ऐकूच येत नाही, विंगेतून प्रॉम्प्टरने पुरवलेल्या ओळीसारखं. स्वतःकडे बघायचं ते हे वाक्य पकडण्यासाठी. मराठीत ही पद्धत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते. कि. मो. फडके यांनी ती इथे आणली आणि रुजवली. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने ती घराघरांतल्या वाचकांपर्यंत नेली.

नुसत्या विचाराने भीड चेपत नाही, म्हणून एलिस लोकांना मुद्दाम लाजिरवाणी कामं करायला लावत: केळ्याला दोरी बांधून ते रस्त्यातून फिरवायचं, भुयारी रेल्वेत येणाऱ्या स्थानकाचं नाव मोठ्याने पुकारायचं. कोणाला इजा होईल किंवा नोकरी जाईल असं काही करायचं नाही, हीही अट होती. ही अट महत्त्वाची. चिंता सोडणं म्हणजे माणसांची पर्वा सोडणं नव्हे.

शिवाय प्रत्येक भीती काल्पनिक नसते. मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीबाई फुल्यांवर पुण्यात शेण आणि चिखल फेकला गेला, तो खरोखरचा होता. अशा ठिकाणी ‘कोणाचं लक्ष नाही’ हा दिलासा कुचकामी ठरतो. तिथे लोक काय म्हणतील हे पक्कं ठाऊक असतं, आणि त्याची किंमत मोजायची की नाही एवढंच ठरवायचं उरतं. र. धों. कर्वे यांनी ते ठरवलं होतं. संततिनियमनाचा प्रचार थांबवा नाहीतर राजीनामा द्या, असं सांगण्यात आल्यावर त्यांनी विल्सन कॉलेजची प्राध्यापकी सोडली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच. दंड भरून कर्वे पुढच्या अंकाच्या कामाला लागले. १९५३ च्या ऑक्टोबरात त्यांचं निधन होईपर्यंत त्यांनी ते मासिक चालवलं.