घरच्या कॉम्प्युटरची राखण

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

पाऊस अखेर उघडला. अद्रकीच्या सऱ्यांत अजून पाणी आहे आणि कंद सडायला लागलेत. भाऊ सकाळीच आला, पंचनाम्यासाठी कागद काढून दे म्हणाला. सगळं कॉम्प्युटरवर 'घर' नावाच्या एका फोल्डरमध्ये मिळालं: सातबारा, आठ-अ, सगळ्यांची आधार कार्डं, पासबुकाची पहिली पानं, आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचे रिपोर्ट, पोरीच्या मार्कशीट, वडिलांची स्कॅन केलेली सही.

प्रिंट निघत असताना त्या यादीवरून नजर फिरवली आणि जीव चरकला. कपाटाची चावी आई कमरेला बांधते. कपाटात आहे त्याहून जास्त या डब्यात आहे आणि त्याला पासवर्डसुद्धा नव्हता. आधार, पासबुक आणि सही एवढं एकत्र सापडलं तर आपल्या नावावर कर्ज काढायला चोराला आमच्या पिशोर गावी यायची गरज नाही.

पहिलं काम लगेच केलं. पासवर्ड टाकला. यापुढे आधारची प्रत कुणाला द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेली द्यायची, ती यूआयडीएआयच्या साइटवरून फुकट डाउनलोड होते. आईचे बोटांचे ठसेही तिथेच ऑनलाइन लॉक केले. रेशनच्या वेळी थोडा वेळ उघडायचे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पुतण्या झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह घेऊन आला. "काका, यातले सगळे फोल्डर उघडतात, पण जरा विचित्र दिसतात." बघितलं तर प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर डाव्या कोपऱ्यात बारीक बाण आणि साइज एक-दोन केबी. फोटोंनी भरलेल्या फोल्डरच्या नावाची फाइल दोन केबीची कशी असेल? हाच तो शॉर्टकट व्हायरस. खरे फोल्डर तो लपवून ठेवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट मांडतो. आपण क्लिक केलं की फोल्डरही उघडतो, त्यामुळे शंका येत नाही आणि मागच्या मागे व्हायरस आपल्या मशीनमध्ये उतरतो. मग पुढचा पेनड्राइव्ह लावला की तोही बाधित होतो. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्यांकडे दिवसभरात किती जणांचे पेनड्राइव्ह एकाच मशीनला लागतात, याचा विचार केला की तो इतका का पसरतो ते कळतं.

काही न उघडता विंडोजच्याच डिफेंडर अँटिव्हायरसने स्कॅन केलं. मग व्ह्यूमध्ये जाऊन दोन खुणा चालू केल्या: लपवलेल्या फाइली दाखव आणि फाइलचं पूर्ण नाव दाखव. दुसरी खूण फार मोलाची. ती बंद असेल तर 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल नुसती 'बिल.पीडीएफ' दिसते आणि माणूस फसतो.

इंटरनेट नसलं की धोका नाही, असं पुतण्याला वाटत होतं. त्याला स्टक्सनेटची गोष्ट सांगितली. २०१० साली उघडकीला आलेला हा व्हायरस इराणच्या नतान्झमधल्या अणुप्रकल्पात पोचला होता. तिथली यंत्रं इंटरनेटपासून तोडलेली होती. तो पसरायचा पेनड्राइव्हमधून, आणि नुसतं शॉर्टकटचं चित्र पडद्यावर आलं तरी पुरायचं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

परवा राज्य सरकारने अतिवृष्टीसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आता 'मदत जमा झाली, इथे दाबा' असा मेसेज आपल्याच सोसायटीच्या सचिवाच्या नंबरवरून आला, तर गावातला कोण थांबेल? ओळखीचं नाव बघून आपण दार उघडतो. हल्ला करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

महाराष्ट्रात याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरण. त्याच्या राजकारणात मी इथे जात नाही, मला कॉम्प्युटरबद्दल लिहायचं आहे. या प्रकरणात दिल्लीचे रोना विल्सन आणि नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना जून २०१८ मध्ये अटक झाली. पुढे बचाव पक्षाच्या सांगण्यावरून अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीने जप्त डिस्कच्या प्रती तपासल्या. २०२१ च्या अहवालात त्यांनी म्हटलं की, विल्सन यांना १३ जून २०१६ रोजी कवी वरवरा राव यांच्या खात्यावरून ईमेल आले, सोबतची फाइल उघडायचा आग्रह झाला, त्यांनी ती उघडली आणि नेटवायर नावाचा प्रोग्राम मशीनमध्ये बसला. त्याने दूर बसलेल्या माणसाला पूर्ण ताबा मिळतो: टाइप केलेलं वाचता येतं, फाइली नेता येतात आणि नव्या आणून ठेवताही येतात. बावीस महिन्यांहून जास्त काळ हे चाललं आणि पुराव्यातली पत्रं एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवली गेली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. गडलिंग यांच्या कॉम्प्युटरबद्दलही तसाच अहवाल आला. हल्ला कोणी केला हे अहवालात नाही. तपास यंत्रणेने हे अहवाल मान्य केलेले नाहीत. खरं-खोटं ठरवणं न्यायालयाचं काम.

पण नेटवायर काय करू शकतो, यावर वाद नाही. तो काही वर्षं इंटरनेटवर उघड विकला जात होता. मार्च २०२३ मध्ये एफबीआयने त्याची साइट जप्त केली आणि क्रोएशियात एकाला अटक झाली. म्हणजे असलं हत्यार कुणीही विकत घेऊ शकत होतं. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की चोर नेतो ते कळतं, पण तुमच्या मशीनमध्ये कुणी काही आणून ठेवलं तर तुमचं तुम्हालाही कळत नाही.

म्हणून न मागितलेली फाइल आली की आधी फोन करायचा: "तुम्हीच पाठवली का?" यात अपमान कसला? आपल्याकडे असं विचारायला लोक बिचकतात. भीड भिकेची बहीण, हे आजीचं वाक्य इथे तंतोतंत लागू आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

शेजारच्या नानांचा लॅपटॉप आणला. एका दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारून 'फुकटची' विंडोज टाकून दिली होती. असली विंडोज चालू करणारा क्रॅक बसवताना पहिली अट असते की अँटिव्हायरस बंद करा. तो बंदच राहिला होता. वर दुरून कॉम्प्युटर चालवायचं एनीडेस्क टाकून ठेवलेलं, कायमच्या पासवर्डसकट, म्हणजे तो माणूस कधीही, नानांना न विचारता आत येऊ शकत होता. त्याचा हेतू वाईट असेलच असं नाही. त्याला पुन्हा चक्कर वाचवायची असेल. पण त्याच लॅपटॉपवर नाना बँकेचं काम करतात.

नाना म्हणाले, "अरे, तो घरचाच पोरगा आहे. काढून टाकलं तर त्याला काय वाटेल?" मी म्हटलं, "नाना, त्याला काम पडलं तर तो येईल, तुम्ही समोर बसाल, तो करील आणि जाईल." सगळं पुसून नीट विंडोज टाकली. बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलला. बिघडलेल्या मशीनवरच नवा पासवर्ड टाइप केला तर तोही जातो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आजपासून विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार बंद. २०१५ साली आलेली ही विंडोज उद्याही चालेल, म्हणूनच लोक गाफील राहतील. भोक सापडेल, पण बुजवायला कुणी नसेल. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय सुटला आणि दीडशेहून जास्त देशांत मशीन लॉक करून खंडणी मागू लागला, तेव्हा त्या भोकाची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते अडकले.

आमचं मशीन विंडोज ११ घेत नाही. पण अपडेटच्या पानावर नाव नोंदवलं, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला, की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या पैसे न भरता मिळतात. नोंदवलं. पुढच्या वर्षी लिनक्स टाकीन.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मका सोंगायला माणसं लावली, त्यामुळे रात्रीच बसलो. पोरांसाठी वेगळं साधं खातं केलं. त्यातून गेमच्या नावाखाली आलेलं काहीही माझ्या पासवर्डशिवाय पूर्ण मशीनचा ताबा घेऊ शकणार नाही. राउटरचा 'अ‍ॅडमिन' हा कंपनीचा पासवर्ड बदलला. 'घर' फोल्डरची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन डिस्क काढून कपाटात ठेवली. लावून ठेवली तर खंडणीचा व्हायरस तीही लॉक करतो.

१९ ऑक्टोबर, रविवार

पोरगी दिवाळीसाठी संभाजीनगरहून आली. गल्लीत पुण्याची, मुंबईची पोरं दिसायला लागली. त्यांना माझं एकच सांगणं आहे. फराळ झाला की तासभर आई-वडिलांच्या कॉम्प्युटरपुढे बसा. अपडेट चालू आहे का बघा, एनीडेस्कसारखं काही पडून असेल तर काढा, ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. खात्यातून पैसे गेले तर आधी तिथे फोन करायचा, कारण पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोचली तरच ते त्या खात्यात थांबवता येतात.