तिसऱ्यांदा दाबलेले हिरवे बटण

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी दुर्ग मागे टाकते आणि थोड्याच वेळात भिलाई पॉवर हाऊस हे स्थानक येते. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ज्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तो पोलाद कारखाना येथून जवळच. अशा औद्योगिक परिसरात जळालेली मोटर ही नवलाची गोष्ट नसते.

रिवाइंडिंग करणारा जाणता कारागीर मोटर उघडताच वेटोळ्यांच्या रंगावरून बरेच काही ओळखतो. एक-दोन फेजची वेटोळीच काळवंडली असतील, तर चालू मोटरची एक फेज गेली होती. तिन्ही फेज सारख्याच करपल्या असतील, तर भार फार होता, रोटर जखडला होता किंवा कोणीतरी मोटर पुन्हा पुन्हा सुरू करत राहिले होते. या शेवटच्या कारणात यंत्राइतकाच माणसाचा स्वभाव असतो. पंप बंद पडतो, पाणी हवे असते, हिरवे बटण दाबले जाते. मोटर घरघरते आणि थांबते. बटण पुन्हा दाबले जाते. तिसऱ्या वेळी बटण दाबणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो.

थेट पुरवठ्यावर सुरू होणारी इंडक्शन मोटर आरंभी पूर्णभाराच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सहापट प्रवाह म्हणजे वेटोळ्यांत छत्तीसपट उष्णता. त्याच वेळी शाफ्टवरचा पंखा जेमतेम फिरत असतो, म्हणजे थंडाव्याची गरज सर्वाधिक असताना तो सर्वांत कमी मिळतो.

रोटरची कथा अधिक विलक्षण आहे. इतर कोणताही भार नसताना स्थिर अवस्थेतून पूर्ण वेग गाठेपर्यंत रोटरमध्ये जितकी उष्णता निर्माण होते, ती फिरत्या भागांनी मिळवलेल्या गतिज ऊर्जेइतकीच असते. वेग सावकाश वाढवला तरी हा हिशेब चुकत नाही. एखाद्या मोठ्या पंख्याचे जडत्व आघूर्ण 100 किलोग्रॅम-मीटर वर्ग आणि वेग मिनिटाला 1,500 फेरे धरला, तर ही ऊर्जा सुमारे 12 लाख ज्यूल भरते. चार लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. ती सर्व रोटरच्या 40 किलो तांब्यात साठून राहिली, तर एका आरंभात तापमान सुमारे 80 अंशांनी वाढेल. पाठोपाठ तीन आरंभांचे गणित विद्यार्थ्यांनी स्वतःच करावे.

म्हणूनच स्टार-डेल्टा स्टार्टर लावला की मोटर वाचली, ही समजूत अर्धवट आहे. स्टारमध्ये लाइनचा प्रवाह एकतृतीयांश होतो, पण बलाघूर्णही एकतृतीयांशच उरते. भार जोडलेला असेल तर वेग घ्यायला अधिक वेळ लागतो आणि रोटर उलट अधिक तापू शकतो. खरा फरक पडतो वारंवारता हळूहळू वाढवणाऱ्या ड्राइव्हने. तेथे रोटर आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या वेगांतील तफावत मुळातच लहान राहते. याहून साधा उपाय म्हणजे टाकीतील वरच्या व खालच्या पातळी-स्विचांमधले अंतर वाढवणे, म्हणजे पंप घडोघडी चालू-बंद होत नाही. स्वस्त उपायांना प्रतिष्ठा नसते, हा वेगळा विषय.

संरक्षणाचा गाभा मात्र स्मृतीत आहे. जुन्या ओव्हरलोड रिलेतील द्विधातूची पट्टी काही मिनिटांत निवते. शेकडो किलोंची मोटर तितक्या लवकर निवत नाही. पट्टी विसरते, तांबे विसरत नाही. आधुनिक रिले मोटरच्या तापमानाचे गणिती प्रतिरूप चालवतो, आरंभ मोजतो आणि ठरलेला अवधी उलटेपर्यंत पुढचा आरंभ अडवतो. थंड मोटरला लागोपाठ दोन आरंभ, तापलेल्या मोटरला एक, ही सर्वसाधारण मर्यादा. अंतिम शब्द निर्मात्याच्या पत्रकाचा. वीज जाऊन परतल्यावर रिलेने मोटर थंड आहे असे गृहीत धरले, तर सगळी व्यवस्था व्यर्थ ठरते.

पण ‘थांबा’ म्हणणे सर्वत्र परवडत नाही. 12 जून 2014 रोजी भिलाईच्या कारखान्यात एका पंपगृहातील बिघाडामुळे पाण्याचा दाब घटला, झोतभट्टीच्या वायूची गळती झाली आणि कार्बन मोनॉक्साइडने सहा जणांचे प्राण घेतले. त्या दुर्घटनेचा संबंध मोटरच्या तापण्याशी जोडण्याचे कारण नाही. पोलाद कारखान्यात पाणी थांबणे म्हणजे काय, एवढेच तिच्यावरून कळते. अशा पंपाची मोटर जळू द्यावी, पण पाणी थांबू देऊ नये, असा निर्णय एखाद्या क्षणी योग्यही असू शकतो. त्यासाठी काही रिलेंमध्ये आपत्कालीन आरंभाची सोय असते. ती वापरली की साठलेली औष्णिक स्मृती पुसली जाते. ही सोय कोणत्या पंपांना द्यायची, तिची किल्ली कोणाकडे राहील आणि राखीव पंप किती सेकंदांत भार उचलेल, हे शांत वेळी कागदावर ठरवावे लागते. किल्ली फिरवल्याची नोंद झाली, की पुढच्या शटडाउनमध्ये ती मोटर उघडून रोटरचे बार आणि कडांवरचे जोड तडकले आहेत का, ते पाहायचे असते.