सावित्रीच्या काठी दोन दिवस

आपल्या समाजाचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमी, २० मार्चला महाड. हे जाणे अभिवादनाचे असते आणि ते चालूच राहिले पाहिजे. पण दोन दिवस सवड काढून, हातात काही काम न घेता, एखाद्या नदीकाठी जाऊन बसणे ही गोष्ट आपल्या घरांतून अजून चैनीत मोडते. आमच्या सासूबाई तर सरळ म्हणत, "पाणी बघायला काय जायचं? पाणी काय बघायची वस्तू हाय?"

म्हणून या हिवाळ्यात, गर्दीचा दिवस मुद्दाम टाळून, एका शनिवारी आम्ही घरचे पाचजण महाडला निघालो. सोबत तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी. कोकण रेल्वेने वीर स्थानकावर उतरलो आणि रिक्षाने महामार्ग धरला. हिवाळ्यातली सावित्री शांत असते. काठाला हिरवी झाडी, कापणी झालेली भाताची खाचरे, मागे सह्याद्रीचे निळे डोंगर. हीच नदी पावसाळ्यात उग्र रूप धरते. जुलै २०२१ च्या महापुरात तिने अख्खे महाड पाण्याखाली घेतले होते.

संध्याकाळी चवदार तळ्यावर गेलो. २० मार्चला इथे पाऊल ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मात्र काठाने मोजकीच माणसे फिरत होती. आमची नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करून पायऱ्यांवर बसली. आमच्या ह्यांनी त्यांना सगळा इतिहास क्रमाने सांगितला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली मंजूर केला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केले, पण ते कागदावरच. मार्च १९२७ च्या परिषदेला जमलेल्या हजारोंसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला बाबासाहेब सर्वांना घेऊन तळ्यावर आले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या, आणि शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले गेले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. पुढे कोर्टात खटला चालला, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

मुलीने सहज विचारले, "आजी, मग तुमच्या गावी पाणी कुठून आणायचात?"

सासूबाईंनी याविषयी घरात कधी तोंड उघडले नव्हते. त्या दिवशी त्या बोलल्या. त्यांचा जन्म १९५० च्या आसपासचा, म्हणजे अस्पृश्यता नष्ट करणारे घटनेचे सतरावे कलम लागू झाल्यानंतर त्यांचे बालपण गेले. तरीही गावची विहीर वाडीला बंद होती. "पऱ्याच्या खालच्या अंगाला आमचा पाणवठा. वर गुरं धुवायची, कपडे धुवायचे, ते आमच्याकडं येयाचं. उन्हाळ्यात परा आटला की वाळूत खड्डा उकरायचा नि वाटीनं हंडा भरायचा. एक हंडा भरंस्तवर सूर्य वर यायचा. शाळा तिथंच सुटली माझी." एवढे बोलून त्या गप्प झाल्या. पाणी बघायला जायचा त्यांना कंटाळा का, ते मला तेव्हा उमगले.

रविवारी सकाळी गांधारपाले लेण्यांवर गेलो. महाडपासून दोन-तीन किलोमीटरवर, महामार्गाला लागूनच हा डोंगर आहे. काही लोक यांना 'पांडवलेणी' म्हणतात, पण पांडवांचा यांच्याशी काडीचा संबंध नाही. ही आपल्या भिक्खूसंघाची विहारे आणि चैत्यगृहे आहेत. लहानमोठी मिळून सुमारे तीस लेणी आहेत. सासूबाई थांबत थांबत चढल्या. बुद्धमूर्तीपुढे त्यांनी फुले ठेवली आणि आम्ही सर्वांनी त्रिसरण-पंचशील म्हटले. दगडी खोलीत तो आवाज घुमून परत येत होता.

इथला एक शिलालेख प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. विष्णुपालित नावाच्या राजकुमाराने इ.स. दुसऱ्या शतकाच्या सुमारास दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, आणि लेण्याच्या दोन्ही बाजूंना 'पोढी'. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. पाणी देणे हे पुण्य म्हणून दगडावर कोरून ठेवलेले आहे. तेही कोणासाठी? ज्या संघात उपाली हा न्हावी आणि सुनीत हा रस्ता झाडणारा सन्मानाने सामावला, त्या संघासाठी. त्याच खोऱ्यात, हाकेच्या अंतरावर, अठराशे वर्षांनी माणसाला पाणी नाकारले गेले. मधल्या काळात या देशातून काय नाहीसे झाले, हे मुलांना वेगळे सांगावे लागले नाही.

लेण्यांपुढच्या ओट्यावरून गांधारी आणि सावित्री या दोन्ही नद्यांचे खोरे दिसते. गांधारी सावित्रीला मिळते आणि सावित्री बाणकोटच्या खाडीतून समुद्राला. नद्या समुद्राला मिळाल्यावर जशी आपली नावे टाकतात, तशी माणसे संघात आल्यावर जात-गोत्र टाकतात, हा तथागतांचा दृष्टान्त तिथे बसून मुलांना सांगितला.

परतताना दासगावला उतरलो. आज शांत असलेल्या या खाडीवर एके काळी मुंबईच्या बोटी लागत. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब सत्याग्रहींसह 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले ते दुसऱ्या दिवशी इथेच उतरले. इथून सत्याग्रही जयघोष करीत पायी महाडला गेले, आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. खाडीकाठी आम्ही उरलेल्या भाकऱ्या सोडल्या. सासूबाई पाण्यात पाय सोडून बराच वेळ बसल्या होत्या. म्हणाल्या, "नदीवर आले नि डोईवर हंडा नाय, असं आजच घडलं बघ पोरी."

भगिनींनो, २० मार्चला महाडला जाऊच. २०२७ साली तर त्या संग्रामाला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. पण एखाद्या साध्या शनिवारीही जा. एक दिवस जास्त असेल तर मंडणगड तालुक्यातील बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आणि दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजीची लेणी पाहून घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आवर्जून न्या आणि मुलांना त्यांच्याजवळ बसवा. लेण्यांच्या भिंतीवर कोणाला नाव कोरू देऊ नका, कचरा टाकू देऊ नका, तो आपला वारसा आहे. आपल्या आयाबायांनी जन्मभर पाणी वाहिले. त्याच पाण्याच्या काठी दोन घटका रिकाम्या हातांनी बसणे, हाही चवदार तळ्याने मिळवून दिलेला हक्कच आहे. तो बजावायला हवा.

जयभीम!