विळीवरची सावधानता

सावधानतेचा सराव म्हणजे डोळे मिटून स्वस्थ बसणे, असा समज आता रूढ झाला असला, तरी ज्या परंपरेतून तो आला, तिच्यात बैठकीइतकेच रोजच्या व्यवहारालाही स्थान आहे. पाली ‘सतिपट्ठान सुत्ता’त ‘सति’, म्हणजे चालू क्षणाचे टिकवलेले भान, आणि ‘संपजञ्ञ’, म्हणजे आपण काय करतो आहोत याची स्पष्ट जाण, ही जोडी सांगितली असून चालणे, वस्त्र नेसणे, खाणे, बोलणे आणि गप्प राहणे या क्रियाही साधनेच्या कक्षेत घेतल्या आहेत. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून येऊन भारतात विपश्यनेची शिबिरे सुरू केली आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर ती नियमित भरू लागली. मात्र दहा दिवसांच्या शिबिरानंतर साधक घरी परततो, तेव्हा त्याची खरी कसोटी स्वयंपाकघरात आणि अंगणात लागते.

समुद्रकिनाऱ्यावरच्या गुहागरला आलेला पाहुणा मनाची शांती सुरूच्या बनात आणि लाटांच्या आवाजात शोधतो, व ती त्याला मिळतेही. पण मन निवणे आणि मन सावध असणे या दोन अवस्था भिन्न आहेत, कारण सुखद आवाजात माणूस दिवास्वप्नातही सहज हरवतो. सरावाची अधिक कडक जागा किनाऱ्यामागच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतील घरांत आहे, जिथे विळीवर बसून नारळ खोवणे हे नित्याचेच काम असते.

वाटी खोवणीच्या दातेरी पात्यावर फिरवताना दाब जरा वाढला, की करवंटीलगतचा तपकिरी पापुद्रा खरवडला जातो आणि मोदकाचे सारण काळपट होते. खोबरे पातळ होत जाते तसा खरवडण्याचा आवाज बदलतो, आणि तो ऐकून हात हलका करावा लागतो. सुत्तातील चारही आलंबने, म्हणजे अवधान टेकवण्याच्या जागा, येथे सापडतात: मनगटाचा दाब व पाठीचा ताण ही काया; निम्म्या वाटीनंतर येणाऱ्या कंटाळ्याचा नकोसेपणा ही वेदना, म्हणजे सुखद, दुःखद किंवा तटस्थ संवेदन; पुढच्या कामाकडे धावलेले मन हे चित्त; आणि त्या धावण्यातून घाई कशी उपजते व पाहिल्यावर कशी ओसरते, हे धम्माचे, म्हणजे कार्यकारणाचे, दर्शन.

यासाठी काम मुद्दाम संथ करण्याची गरज नसते. नवशिक्याला बोट कापण्याची भीतीच जागे ठेवते, तर मुरलेला हात न पाहताही नेमका चालतो, आणि म्हणूनच अडचण कौशल्य आल्यानंतर सुरू होते: हात मोकळा झाल्यावर मन कामातच राहते की जुन्या भांडणांकडे वळते, हे पाहणे हाच सरावाचा गाभा होय. भटकलेले मन लक्षात येणे हे अपयश नसून सावधानतेचाच क्षण असतो. त्यावर स्वतःला दूषण देत बसणे, हे मात्र दुसरे भटकणे ठरते.

ज्याला हा सराव करायचा आहे, त्याने चूक लगेच दाखवून देणारे एखादे रोजचे काम निवडावे, ते नेहमीच्याच गतीने करावे आणि मन सुटल्याचे कळताच मुकाट्याने हाताकडे परतावे. वेगळा वेळ मिळत नसल्याची सबब त्यानंतर उरत नाही.