पाचवी चिमणी

खडकीच्या युद्ध-कबरस्तानातला दगडी वधस्तंभ मला दरवेळी अवघड जातो. त्याच्यावर टोक खाली केलेली ब्राँझची तलवार आहे. सर रेजिनाल्ड ब्लूमफील्ड यांनी पहिल्या महायुद्धात गेलेल्यांसाठी आखलेला हा नमुना राष्ट्रकुलाच्या युद्ध-कबरस्तानांत जगभर उभा आहे. पण गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार उपसली, तेव्हा प्रभूने ती म्यानात घालायला लावली होती. मग इथे ती वधस्तंभावर कशी चढली?

11 नोव्हेंबर 1918 ला सकाळी 11 वाजता पहिलं महायुद्ध थांबलं. त्याच्या जवळच्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, युद्धात गेलेल्यांसाठी प्रार्थना करण्याची रीत आहे. यंदा पाळकसाहेबांनी त्या दिवशीची मध्यस्थीची प्रार्थना मला करायला सांगितली. म्हणून आदल्या दिवशी आत्याला घेऊन खडकीला गेले.

इथे दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 जणांच्या कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे कबरींची देखभाल होण्याची खात्री नव्हती, तिथून त्या इथे आणल्या. अधिकारी असो की साधा शिपाई, दगड त्याच मापाचा. आत्या ओळीने वय वाचत चालली होती. विशीही न गाठलेल्या एका पोरापाशी ती थांबली. "अगं, हा तर आपल्या धाकट्याएवढा. ह्याच्या आईला तार गेली असेल बघ," म्हणाली आणि दगडावर पडलेलं वाळकं पान तिने पदराने झटकलं.

मला कुलाब्याचं अफगाण चर्च आठवलं. 1858 मध्ये अभिषेक झालेलं ते मंदिर सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलं. तिथे भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं आहेत. शिपायांबद्दल मात्र एवढंच कोरलंय, की ते इतके होते की त्यांची नावं लिहिणं शक्य नाही. मुंबईत नोकरीला होते तेव्हा ते वाचून मी चिडले होते. देवाच्या घरात उभं राहून माणूस म्हणतो, तुम्ही फार झालात, तुम्हाला जागा नाही!

मत्तयाच्या शुभवर्तमानात चिमण्यांचा भाव एका पैशाला दोन आहे, लूकच्या शुभवर्तमानात दोन पैशांना पाच. म्हणजे पाचवी भाजीवर घातलेल्या कोथिंबिरीसारखी, फुकट. येशू म्हणतो, तिचादेखील देवाला विसर पडत नाही. मला वाटतं, युद्धात मेलेल्यांची ख्रिस्ती आठवण इथून सुरू होते. ते जिंकले का, त्यांचं युद्ध न्यायाचं होतं का, हे प्रश्न विचारायलाच हवेत. अफगाण मोहिमेचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण आठवण ही त्या प्रश्नांच्या उत्तरांवर मिळणारी बक्षिसी नव्हे. माणगावजवळचा यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत पडला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणून आपल्याला तो ठाऊक. तिथेच पडलेल्या, पदक न मिळालेल्या मराठी पोरांना ओळखणारा तरी कोण?

रविवारी प्रार्थनेत मी त्या न लिहिलेल्यांना घेतलं. शिपाई, खलाशी, हमाल. मग समोरच्या बाजूचेही घेतले: जर्मन, जपानी, अफगाण. तेव्हा बाकांवर जराशी चुळबुळ झाली.

उपासनेनंतर मंडळीतले एक निवृत्त सुभेदार जवळ आले. आता ऐकून घ्यावं लागणार, असं मला वाटलं. ते म्हणाले, "बाई, बरं केलंत. कारगिलला पाकिस्तानी आपली माणसं न्यायला आले नाहीत, तेव्हा ती आमच्या फौजेने पुरली. त्यांच्या रीतीने, नमाज पढून. ती पोरं आमच्यावरच गोळ्या झाडत होती."

"राग नाही आला?"

"आला की. पण प्रेत उघड्यावर कसं टाकायचं?"

वैऱ्यावर प्रीती करण्याविषयी मी बरीच प्रवचनं ऐकली आहेत. 1999 च्या त्या डोंगरांवर राग असतानाही खड्डा खणला गेला, आणि प्रीती मनात उमटायची वाट कुणी पाहिली नाही. वधस्तंभावरची तलवार मला अजूनही पटत नाही. पण पुढच्या नोव्हेंबरची प्रार्थना सुभेदारांनीच करावी, असं मी पाळकसाहेबांना सांगून ठेवलंय.