जाधवगडावरची वस्ती

हल्ली माहेरी गेलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याशी उभं राहावंच लागतं. आई थकलेली, वहिनी नोकरीला जाणारी. आपण लोळत पडायचं तरी कसं? तेव्हा सकाळचा पहिला चहा कुणीतरी आयता हातात आणून द्यावा, अशी एक तरी रात्र वर्षातून काढावी असं वाटलं तर ती चैन मानू नका. आणि ती रात्र तीनशे वर्षांच्या जुन्या गढीत काढायला मिळाली तर? त्यासाठी पुणेकरणींना राजस्थान गाठायला नको. दिवेघाट चढून गेलं की सासवडच्या अलीकडे जाधववाडी लागते. तिथे पिलाजी जाधवरावांनी 1710 साली बांधलेली गढी उभी आहे, आणि आज ती 'फोर्ट जाधवगड' या नावाने हॉटेल म्हणून चालते.

नावात गड असला तरी डोंगराच्या टोकावरचा सिंहगडासारखा किल्ला डोळ्यांपुढे आणू नका. ही आहे गढी. म्हणजे सरदाराचं राहतं घरच, पण त्याला तटबुरुजांचं कवच. बाहेरून दगडी भिंत आणि दणकट दरवाजा, आत चौक, ओसऱ्या, कोठ्या. शत्रू आला तर लढायचं आणि नाही आला तर संसार करायचा, अशी दोन्हींची सोय. पिलाजीराव हे शाहू महाराजांच्या पदरचे मोठे सरदार. थोरल्या बाजीरावांबरोबर उत्तरेतल्या मोहिमांत ते होते. 1729 साली छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात मराठी फौजा धावल्या, त्यातही पिलाजीराव होते. त्याच स्वारीनंतर मस्तानी बाजीरावांच्या आयुष्यात आली. गंमत बघा, गढीकडे जाताना दिवेघाटातून खाली नजर टाकली की वडकीचा मस्तानी तलाव दिसतो! गाडी सुरक्षित जागी थांबवता आली तरच बघा मात्र. घाट वळणांचा आहे आणि रहदारी भरपूर.

आम्ही धायरीहून निघालो. नवले पूल, कात्रज, कोंढवा, उंड्री करत हडपसर-सासवड रस्त्याला लागायचं. गर्दी नसेल तर तास-सव्वा तासाची वाट. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून निघते तेव्हा हाच घाट चढून सासवडला मुक्कामाला जाते. आषाढी वारीच्या त्या दिवसांत रस्ता वारकऱ्यांचा असतो, तेव्हा वस्तीचा बेत दुसऱ्या कुठल्यातरी आठवड्यात ठेवा.

आमच्याबरोबर सासूबाई होत्या. खरं तर त्यांच्यासाठीच हा घाट घातला होता. धायरी गावठाणातलं आमचं जुनं घर बिल्डरला द्यायचं ठरत होतं. धायरी 2017 साली पुणे महापालिकेत गेली. गावात धारेश्वराचं देऊळ आहे तसंच आहे, पण भोवतालचं सगळं चढत्या मजल्यांचं झालं. दीर, जाऊ, हे, सगळे हिशेब मांडत बसलेले असत, किती चौरस फूट कुणाला. सासूबाई तेवढ्या गप्प. विचारलं तर म्हणायच्या, "तुम्ही ठरवाल ते खरं." आणि पदर सारखा करून देवघरात जायच्या. अशा गप्प बसण्याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको.

गढीच्या दाराशी तुतारी वाजली, अंगरखा-पागोट्यातल्या माणसाने मुजरा केला, आणि सासूबाई आधी चार पावलं मागे सरल्या. मग हसायला लागल्या. "अगं, माझ्या लग्नात तरी कुठं वाजली होती तुतारी!" आपल्याला हे जरा नाटकी वाटतं, पण म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना फार आवडतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही.

आतली सजावट जुन्या काळाला धरून आहे. पितळेचे दिवे, कोरीव लाकूड, जाडजूड दगडी भिंती. या भिंतींचं कौतुक मला सजावटीहून जास्त वाटलं. बाहेर ऊन रणरणत असताना आत हात लावला तर दगड गार. आपल्या फ्लॅटच्या चार-सहा इंची भिंतींना हे सुख कुठलं? मात्र न्हाणीघर आजच्या काळचं आहे, तटाच्या आत पोहण्याचा तलावही आहे. कुणी म्हणेल हे खोटं. मला तसं वाटत नाही. पिलाजीरावांच्या काळचं सगळंच हवं म्हणणाऱ्यांनी त्या काळी पाणी कुणी भरलं असेल याचाही विचार करावा.

कारण गढी बघताना पुरुषमाणसं तोफा, बुरूज, भिंतीची जाडी विचारतात. आपण बायकांनी वेगळ्याच गोष्टी बघाव्यात. चूल कुठे असेल, धूर कुठून जात असेल, बाळंतिणीची खोली कोणती? बाहेरून भक्कम भिंत असली की आत उजेड बेताचाच. त्या उजेडात किती जणींनी तांदूळ निवडले असतील, किती जणी मोहिमेवर गेलेल्यांची वाट बघत बसल्या असतील? मोहिमा वर्ष-वर्ष चालत. इतिहासात सरदारांची नावं सापडतात, घर सांभाळणाऱ्यांची क्वचितच.

या गढीचं हॉटेल करणारे विठ्ठल कामत. 'इडली, ऑर्किड आणि मी' या त्यांच्या आत्मकथनामुळे तुमच्यापैकी पुष्कळजणींना ते ठाऊक असतील. त्यांनी इथे जुन्या वस्तूंचं संग्रहालय केलं आहे आणि त्याला नाव दिलं आहे 'आई'. तलवारीच तेवढ्या मांडून ठेवलेलं ते संग्रहालय नव्हे, घरातली भांडीकुंडीही तिथे आहेत. आमचा निम्मा वेळ तिथेच गेला. सासूबाई एकेका वस्तूपाशी थांबून मला नावं सांगत होत्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या दोन कॉलेजच्या मुली कान देऊन ऐकत होत्या. घंगाळ कशाला, सतेलं कुठलं, गंज आणि पातेलं यात फरक काय. "आणि हे सगळं घासायचं कुणी?" एकीने विचारलं. "आम्हीच की," सासूबाई म्हणाल्या. "चिंच आणि राख. हाताची सालं जायची. म्हणून तर बोहारीण आली की पितळ काढून स्टील घेतलं. त्यात आम्ही काही चूक केली नाही हो."

मला हे फार पटलं. जुनं ते सोनं म्हणणं सोपं असतं, घासावं लागत नसेल तर. स्टीलच्या डब्यांनी आपल्या आधीच्या पिढीच्या हातांना विसावा दिला, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण एका जुन्या कोरीव दारापाशी मात्र त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. चौकटीवरून हात फिरवला. मग हळूच मला म्हणाल्या, "हे कुणाच्या तरी घराचं असणार. याच्या उंबऱ्यावरचं माप ओलांडून कुणीतरी आत आली असेल." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आपली चौकट बिल्डर नेईल का गं? भंगारात?"

एवढे दिवस हिशेबाच्या बैठकीत त्यांच्या तोंडून जे निघालं नव्हतं, ते तिथे निघालं. घर पडू नये असं त्यांचं म्हणणंच नव्हतं. गळक्या कौलांखाली चाळीस पावसाळे त्यांनीच काढलेत, भांडी मांडून. त्यांना त्या चौकटीबद्दल कुणीतरी विचारायला हवं होतं, इतकंच.

रात्री जेवायला पिठलं-भाकरी होती. सासूबाईंनी भाकरी उलटून पाहिली, पापुद्रा सुटलाय की नाही ते बघितलं आणि 'बरी आहे' असा निकाल दिला. माझ्या भाकरीला तेवीस वर्षांत 'बरी' मिळालेलं नाही! जेवण झाल्यावर आम्ही दोघी तटाजवळ बसलो. अंधार चांगला गडद, धायरीत आता असा मिळत नाही. त्यांनी लग्नाची गोष्ट सांगितली, ती इथे लिहीत नाही. सकाळी चहा आला तेव्हा मी पांघरुणातच होते, हे मात्र आवर्जून लिहिते.

आता जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. एका रात्रीचा खर्च आपल्या महिन्याच्या वाणसामानाच्या यादीशेजारी ठेवूनच ठरवा. वाढदिवस किंवा लग्नाचा पंचविसावा असं निमित्त असेल तर मनाला लागत नाही. शनिवार-रविवार टाळलात तर गर्दी कमी, आणि बहुधा दरही उतरतात. खोली ठरवताना न्याहारी धरून दर किती ते स्पष्ट विचारा. दगडी पायऱ्या आहेत, त्या चढणीच्या. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर कमीत कमी पायऱ्यांची खोली आधीच फोनवर मागून घ्या. चपला सपाट घाला. थंडीत संध्याकाळनंतर तिथे वारा झोंबतो, तेव्हा शाल हवीच.

परतताना थेट घर गाठू नका. सासवड अगदी जवळ आहे. कऱ्हेकाठी सोपानदेवांची समाधी आहे, संगमेश्वराचं सुंदर देऊळ आहे. पुरंदऱ्यांचा वाडाही बघा. त्याचा दरवाजा आणि तट पाहताना शनिवारवाड्याची आठवण होते, पण आतलं वैभव गेलेलं आहे. जाधवगड आणि हा वाडा लागोपाठ पाहिले की घर वापरात राहणं आणि न राहणं यातला फरक डोळ्यांनी दिसतो. हंगाम असेल तर पुरंदरची अंजिरं आणि सीताफळं घ्या. इथल्या अंजिरांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. अंजीर मऊ पण न फुटलेलं निवडायचं, आणि त्याच दिवशी खायचं.

आमचं घर त्यानंतर दोन महिन्यांनी उतरवलं. करारात एक ओळ जास्त घातली: पुढच्या दाराची चौकट व दारं घरमालकाकडे राहतील. सागवान आहे, दिराच्या गच्चीवर शेडमध्ये ठेवलंय. नव्या घराच्या बैठकीत ते कसं बसवायचं यावर अजून वाद चालू आहेत, सासूबाई त्यात आता भरपूर बोलतात.

तुमच्याकडेही असं जुनं लाकूड असेल तर ते पाण्याने धुऊ नका. मऊ ब्रशने धूळ काढा, कोरीव भागासाठी जुना दात घासायचा ब्रश चालतो. मग जवसाचं तेल कापडाला अगदी थोडं घेऊन पातळ हात फिरवा, जास्तीचं तेल लगेच पुसून घ्या, आणि मग वारा लागू द्या. तेलाचा तो बोळा मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. तो उलगडून बाहेर मोकळ्यावर वाळवा, मगच टाका.